शंभर कोयते

मुकादम रस्त्यानं चालताना कधी समोर बघत नसत. मान वर, तोंड थोडं उघडं आणि नजर विजेच्या तारांवर. ओळखीचं कुणी समोरून आलं, रामराम घातला, तर रामराम घेत, पण डोळे खाली आणत नसत. धारूरच्या बाजारात त्यांना पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटे, या माणसाच्या मानेला काहीतरी दुखणं आहे. दुखणं काही नव्हतं. ऊस तोडायचं अवजड मशीन ट्रेलरवर चढवून दोन दिवसांच्या वाटेवर, पार कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत पोचवायचं, हा त्यांचा धंदा होता आणि या धंद्यात मरण येतं ते वरूनच, अशी त्यांची खात्री होती. तार, फांदी, कमान, पूल, लग्नाचा मांडव. खाली खड्डा असला तर ड्रायव्हर बघेल, तो पगार कशाचा खातो, असं ते म्हणत. मला कामावर घेतलं त्या दिवशी त्यांनी मला तेवढंच शिकवलं.

"वर बगत जा," ते म्हणाले. "खाली सगळं जगच बगतंय."

आमच्या घरात त्यांना 'ते' म्हणायची पद्धत नव्हती. घरात ते 'तो' होते. माझे वडील ऊसतोड कामगारांच्या संघटनेचं काम करत. पत्रकं छापून आली की त्यांचे गठ्ठे आमच्या पडवीत पडत आणि मी त्या गठ्ठ्यांवर बसून वाचायला शिकले. 'कमळ' वाचता येण्याआधी मला 'मुकादमशाही' वाचता येत होतं. मुकादम म्हणजे गावोगावची माणसं गोळा करून त्यांची टोळी लांबच्या साखर कारखान्यांना पुरवणारा माणूस. आमच्या डोंगरकडेच्या गावांमधून दसरा झाला की ट्रक भरभरून माणसं जात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येत. त्या धंद्याची एक भाषा आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटी बाई किंवा एकटा बाप्या म्हणजे अर्धा कोयता. कारखान्याचा माणूस मुकादमाला विचारतो, यंदा किती कोयते देणार? मुकादम सांगतो, वीस, तीस, पन्नास. दोन जिवंत माणसं आणि त्यांच्या कडेवरची पोरं एका अवजाराच्या नावाखाली जातात. वडील प्रत्येक पत्रकात याच्यावर एक परिच्छेद लिहीत. माणसाला माणूस म्हणून मोजा, ही त्यांची मागणी होती. ती कधी कुणी नाकारली नाही आणि मान्यही केली नाही. ती तशीच छापून येत राहिली.

वडील गेले तेव्हा मी अंबाजोगाईला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. पदवी घेऊन गावी आले तर तिसऱ्या महिन्यात मुकादमांचा निरोप आला. त्यांची टोळी तोवर निम्म्यावर आली होती. आमच्या भागातल्या एका मोठ्या जमीनदार पुढाऱ्यानं, ज्याला सगळे नुसतं 'साहेब' म्हणत, ऊसतोडणीचं मशीन घेतलं होतं आणि ते हंगामाआधी कारखान्याला पोचवण्याचं, हंगाम संपला की परत आणण्याचं काम मुकादमांना दिलं होतं. पुढं दुसऱ्या मालकांची मशिनंही त्यांच्याकडे आली. परवानग्यांचं सगळं काम आता कॉम्प्युटरवर करावं लागतं, आणि त्यांना सही सोडून काही लिहिता येत नव्हतं.

धारूरच्या रस्त्याला टायर पंक्चरच्या दुकानाला लागून त्यांची पत्र्याची खोली होती. मी आत गेले तशी त्यांनी मान वर ठेवूनच मला ओळखलं.

"तुझ्या बापानं मला पत्रकात जळू लिवलं होतं," ते म्हणाले. "जळू एका जागी बसून पिती बये. मी तर फिरून फिरून मेलो."

मी म्हटलं, जळू लिहिलं ते बरोबरच लिहिलं होतं.

"मग ये उद्यापासून. तोंडावर बोलनारं माणूस पायजेच होतं."

तेव्हापासून त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. 'ए पत्रकवाले' म्हणत.

ट्रेलरच्या पुढे जीप असते, तिच्यात ते कधी बसले नाहीत. ते मोटारसायकलवर असत. मोटारसायकलच्या मागच्या बाजूला लोखंडी कडी जोडून तिच्यात त्यांनी एक उभा बांबू रोवलेला असे. ट्रेलरवर चढवलेल्या मशीनचा सगळ्यात उंच भाग जमिनीपासून जेवढा, तेवढीच बांबूची उंची, वर चार बोटं जास्त. बांबूच्या टोकाला बैलाच्या गळ्यातली पितळी घंटा. ते पुढे जात, आणि घंटा वाजली की वर काहीतरी आडवं आलं. मग हात वर करायचा, मागे ट्रेलर थांबायचा, जीपमधली माणसं लाकडी काठ्या घेऊन उतरायची, तार उचलून धरायची. विजेची असली तर वीज कंपनीच्या माणसाला आधी गाठून लाइन बंद करून घ्यायची. ते सगळं होईपर्यंत मुकादम रस्त्याच्या मधोमध उभे राहून वरच बघत असत, आणि मागे तुंबलेल्या गाड्यांचे हॉर्न त्यांच्या कानापर्यंत पोचत नसत. एकदा एका कारवाल्यानं उतरून त्यांना विचारलं, काका, कावून थांबवलंय एवढा वेळ? मुकादमांनी त्याची हनुवटी दोन बोटांनी धरून वर केली आणि तिथंच सोडून दिली.

मशीनचा उसाचे तुकडे उचलून वर फेकणारा जो लांब हात असतो त्याला ते सोंड म्हणत. सोंड दुमडून साखळदंडानं बांधल्याशिवाय ट्रेलर हलत नसे, आणि ती साखळी बांधायचं काम ते दुसऱ्याला देत नसत. बांधून झाली की मशीनच्या लोखंडावर दोन थापा मारत. बैलाच्या पाठीवर मारतात तशा. मला ते बघून संताप यायचा. ज्या माणसानं टोळीतल्या आजारी बाईच्या पाठीवर कधी हात ठेवला नाही, तो लोखंडाला थोपटत होता. मी हे त्यांना बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "बाई तिचं दुखणं सांगती. हे कुटं सांगतंय?"

फोन त्यांचा कायम स्पीकरवर असे. साहेबांचा असो, बायकोचा असो, कारखान्याचा असो. कानाला लावून बोलायला आपण चोर आहोत का, असं म्हणत. त्यामुळे त्यांच्या घरात आज भाजी काय, इथपासून ट्रेलर कुठं पंक्चर झाला इथपर्यंत सगळं पंक्चरवाल्यालाही माहीत असायचं.

तारांपेक्षा त्यांना भीती होती ती वाढदिवसाच्या फ्लेक्सची. आमच्याकडे पुढाऱ्याचा वाढदिवस आला की रस्त्याच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत आडवा फ्लेक्स लागतो, आणि तार उचलता येते पण पुढाऱ्याचा चेहरा उचलायला कुणी धजत नाही. एका गावात असाच एक फ्लेक्स ट्रेलरला आडवा आला. बांधणारी पोरं बाजूच्या टपरीवर बसून बघत होती. मुकादमांनी आधी त्या पुढाऱ्याच्या स्वीय सहायकाला फोन लावला, अर्थात स्पीकरवर, आणि साहेबांना जरा वेळ खाली घेतो, अशी परवानगी मागितली. तिकडचा माणूस गोंधळला. कुठून खाली घेता, त्यानं विचारलं. मग फ्लेक्स सोडला, चार माणसांनी चारी कोपरे धरून तो सपाट, चेहरा आभाळाकडे करून, ट्रेलर जाईपर्यंत धरून ठेवला. पुन्हा बांधला. आधीपेक्षा ताठ बांधला. आणि मुकादमांनी मला त्याचा फोटो काढून त्या सहायकाला पाठवायला लावला. मी म्हटलं, एवढं कशाला घाबरायचं? ते म्हणाले, "तारंला हात लागला तर मानूस एकदाच मरतंय."

याच प्रवासांमध्ये त्यांची ती बोलायची तऱ्हा पक्की झाली. कारखान्याच्या शेतकी विभागाला मशीनचं काम समजावून सांगताना ते टनात किंवा एकरात सांगत नसत. त्यांना सवय कोयत्यांची. "शंभर कोयत्यांचं मशीन हाय," असं ते म्हणत. हळूहळू 'चं मशीन' गळून पडलं. "शंभर कोयते काल रात्री सोलापूर ओलांडून गेले." "शंभर कोयत्यांचं डिझेल संपलंय." कारखान्यातले लोक पहिल्यांदा हसले, मग त्यांच्याही तोंडात तेच बसलं. फोनवर तिकडून विचारणा व्हायची, मुकादम, तुमचे शंभर कोयते कुठपर्यंत आले?

हंगाम संपवून मशीन परत आणताना सोलापूरच्या अलीकडे एका नाक्यावर यानं मोठा घोळ झाला. शहरात कोयते घेऊन फिरणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या तेव्हा रोज पेपरात येत होत्या. नाक्यावर एक नवा हवालदार होता. त्यानं मोटारसायकल अडवली आणि मागच्या ट्रेलरकडे बघत विचारलं, काय माल आहे? मुकादम वर बघत होते. त्याच नादात म्हणाले, "शंभर कोयते."

हवालदार दोन पावलं मागे सरला. शिटी वाजली, आणखी तिघं आले, आम्हाला सगळ्यांना उतरवून रस्त्याकडेला ओळीनं उभं केलं. जीप तपासली, ताडपत्री सोडली. कडा गावचा आमचा ड्रायव्हर, त्याच्या केबिनमध्ये नारळ सोलायचा एक कोयता निघाला.

"बाकीचे नव्व्याण्णव कुठं आहेत?" हवालदारानं विचारलं.

मुकादमांनी मशीनकडे बोट केलं. "हे काय उभे."

परत आल्यावर ही गोष्ट गावात महिनाभर चालली. टोळीतले लोक पारावर ती पुन्हा पुन्हा सांगायला लावत. हसली नाही ती एक सुमनवहिनी. आमच्या शेजारची. ती आणि तिचा नवरा पंधरा-सोळा वर्षं मुकादमांच्या टोळीत होते, लग्नाची हळद निघाली तीच उसाच्या फडात. टोळीच्या वतीनं मुकादमांशी भांडायचं काम पुरुषांनी तिच्यावर सोपवलं होतं, कारण तिला ते येत होतं.

"त्या शंभरात मी हाय का, मुकादम?" तिनं विचारलं.

"तू अर्धी."

"मग अर्धं मशीन माझ्या नावावर करा की."

सगळे पुन्हा हसले. मुकादमही हसले. नुकत्याच संपलेल्या हंगामात तिच्यासकट फक्त थोड्या जोड्यांना फड मिळाला होता. बाकीच्यांनी हंगाम इकडे तिकडे काढला. त्यांचं पुढच्या वर्षी काय, हा प्रश्न त्या हसण्याच्या खाली होताच, आणि तो सगळ्यांना ऐकू येत होता.

मुकादमांनाही येत होता. हे मी त्यांच्या बाजूनं लिहिते, कारण ते खरं आहे. तो सगळा पावसाळा त्यांनी कारखान्याच्या मागे लावला. मशीन नेतो, पण माझी माणसंही घ्या. शेतकी विभागाच्या साहेबाला रोज फोन. ओला फड झाला की मशीन रुतेल, तेव्हा माणूसच लागेल. खोडव्याला, म्हणजे तोडीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाला, माणूस लागेल. बांधाकडेचा ऊस मशीनला दिसत नाही. पंक्चरवाल्याला ही सगळी कारणं पाठ झाली होती. तिकडचा साहेब म्हणे, बघू. आणि ते 'बघू' ऐकून मुकादम फोन ठेवायचे आणि बाहेर जाऊन तारा बघत उभे राहायचे.

दसऱ्याच्या आठवडाभर आधी शेतकीच्या साहेबाचाच फोन आला. मी तिथंच होते.

"मुकादम, यंदा तुमच्याकडून शंभर कोयते धरलेत," साहेब म्हणाला. "दसरा झाला की लगेच हलवा. उशीर नको."

"हलवतो साहेब," मुकादम म्हणाले. फोन ठेवला आणि पहिल्यांदाच त्यांनी मान खाली करून नीट माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे घारे आहेत, हे मला तेव्हा कळलं. "ऐकलंस का? शंभर धरले. पावसाळाभर मागं लागलतो."

मी म्हटलं, लेखी मागवा.

"तुजा बापबी लेखी लेखीच करीत गेला. तोंडचा शब्द हाय. एवढा मोठा कारखाना, त्याला काय खोटं बोलायचं पडलंय?"

त्यांनी मोटारसायकलचा बांबू उपसून भिंतीला टेकवला आणि बिनबांबूचे गावोगाव गेले. डोंगराच्या कडेकडेनं जेवढ्या वस्त्या होत्या तिथं निरोप पोचला, यंदा पुरी टोळी निघणार. जे दुसऱ्या मुकादमांच्या दारात खेटे घालत होते ते थांबले. ज्यांना दुसरीकडे जागा मिळाली होती त्यांनी ती सोडली, कारण आपला मुकादम तो आपला. सुमनवहिनीनं शेरडं नणंदेकडे पोचवली. पाचवीतल्या पोरीचं दप्तर खुंटीला अडकवलं. पोरीनं विचारलं, शाळा? ती म्हणाली, आल्यावर.

निघायच्या सकाळी गावाखालच्या डांबरी रस्त्यावर मशीनचा ट्रेलर आणि त्याच्या मागे पहिल्या खेपेच्या माणसांसाठी दोन ट्रक उभे होते. यंदा दोन्ही एकत्र न्यायचं, पुढे मशीन, मागे टोळी, असा मुकादमांचा हट्ट होता. त्यांनी नवा पांढरा शर्ट घातला होता. पत्र्याच्या पेट्या, तवे, पाण्याचे ड्रम, झोपडीवजा कोपी उभारायला कळकाच्या ताट्या, कोंबड्यांचे डालगे, सगळं ट्रकमध्ये चढलं होतं. मागे राहणाऱ्या म्हाताऱ्यांचे पोरांच्या गालांवरून हात फिरवून झाले होते. दारांना कुलपं लागली होती. मुकादमांनी सोंडेची साखळी स्वतः बांधली, लोखंडावर दोन थापा मारल्या, आणि तेवढ्यात फोन वाजला.

"मशीन निघालं का?" शेतकीचा साहेब.

"निघालंच म्हणा साहेब. मानसंबी बसल्यात."

"कोणती माणसं?"

"आपली. शंभर कोयते."

तिकडे कुणाशी तरी काहीतरी बोलणं झालं. मग साहेब म्हणाला, "मुकादम, शंभर कोयते म्हणजे मशीनच की. तुम्हीच तर म्हणता तसं. माणसं कशाला आणताय? इथं यंदा सगळी तोड मशीनवर आहे. कोप्या घालायला जागासुद्धा ठेवलेली नाही." आवाजात राग नव्हता. उलट थोडं नवलच होतं. "माणसं आणू नका हं, मी आत्ताच सांगतो. मशीन तेवढं वेळेत पोचवा."

फोन स्पीकरवर होता. दोन्ही ट्रकमधल्या लोकांनी शब्द न् शब्द ऐकला.

एका डालग्यातली कोंबडी फडफडत होती. पहिल्या ट्रकवरून सुमनवहिनी उतरली. मागून पोरगी उतरली. वहिनी मुकादमांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"मग आमी कोन, मुकादम?"

मुकादमांनी वर बघितलं. त्या ठिकाणी रस्त्यावर एकही तार नव्हती.

लोक एकेक करून उतरले आणि ट्रेलरच्या पुढ्यात डांबरावर बसले. ठरवून नाही. उभं राहवत नव्हतं म्हणून बसले असावेत. कुणीतरी म्हणालं, आमाला ह्या मशीनवरच बसवा, तिकडं जाऊन आमी आमचं बगू. मुकादम म्हणाले, वर तारा हायेत. साहेबांचा, मशीनच्या मालकाचा, फोन येऊन गेला. ट्रेलर कावून थांबलाय? मुकादमांनी सांगितलं, निघतोय.

मी त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, तुम्ही जाऊ नका. तुमच्याशिवाय हे मशीन धारूरचा घाट उतरत नाही, हे मशीनच्या मालकाला माहीत आहे, कारखान्यालाही माहीत आहे. दोन दिवस इथंच उभं राहू द्या. त्यांना ऊस हवाय. ते माणसं घेतील. आयुष्यात पहिल्यांदा तुमच्या हातात काहीतरी आहे.

"अडवलं तर साहेब दुसरा गडी बगतील."

"बघू द्या."

"तुला बगू द्या म्हनायला काय जातंय बये. मग मानसं तर न्हाईतच, मशीनबी न्हाई. मी खाऊ काय?"

"आणि ते काय खातील?" मी रस्त्यावर बसलेल्यांकडे हात केला.

ते माझ्याकडे न बघता लोकांसमोर गेले आणि हात जोडले. ज्या माणसानं या लोकांना पंचवीस वर्षं फक्त आवाजानं उठवलं होतं, पहाटे फडावर, पावसात, तापात, तो हात जोडून 'उठा' म्हणत होता. कुणी उठलं नाही. मग सुमनवहिनी उठली.

"उठा गं," ती बायकांना म्हणाली. "ह्येचं तरी पोट चालू द्या."

तिनं हे दयेनं म्हटलं की थुंकण्यासारखं, मला अजून ठरवता येत नाही. लोक बाजूला झाले. मुकादम मोटारसायकलवर बसले, पुढे गेले, पहिल्याच चिंचेच्या फांदीला घंटा वाजली, ट्रेलर थांबला, फांदी उचलली, ट्रेलर पुढे गेला. बायका ट्रकमधून आपापल्या पेट्या उतरवत होत्या. मी परवानग्यांची पिशवी ड्रायव्हरच्या हातात दिली आणि ती नोकरी तिथंच सोडली.

मी वडिलांची मुलगी आहे. मला त्या दिवशी पत्रक लिहायचं होतं. रात्री बसलेही, पण लिहिता आलं नाही, कारण कुणी कुणाला फसवलं नव्हतं. कारखान्यानं मुकादमांचाच शब्द मुकादमांना परत दिला होता. मुकादमांनी तो शब्द माणसांवरून काढून मशीनला चढवला, आणि जेव्हा तो परत आला तेव्हा त्यांना जुनी सवय आठवली, नवी आठवली नाही. एकदा माणसाला अवजाराचं नाव दिलं की त्याच्या जागी दुसरं अवजार येताना बोलण्यात काही बदलावं लागत नाही. आकडा तोच, वाक्य तेच, आणि मधली माणसं गेलेली. हे वडिलांना कळलं होतं. पण त्यांनी ज्यांच्यासाठी लिहिलं ते वाचत नव्हते, आणि जे वाचत होते त्यांना ती भाषा सोयीची होती. मुकादमांना मी यासाठी माफ केलेलं नाही. त्यांनी घाट अडवायला हवा होता. ते हरले असते, तरी अडवायला हवा होता.

ते चौथ्या-पाचव्या दिवशी परत आले. ड्रायव्हरनं सांगितलं, मशीन उतरवल्यावर मुकादम कारखान्याच्या शेतकी ऑफिसच्या व्हरांड्यात दोन दिवस बसून होते. साहेब जाता-येता म्हणायचा, मुकादम, जावा आता घरी.

तोवर दुसऱ्या सगळ्या टोळ्या निघून गेल्या होत्या. कुणाकडेच जागा नव्हती. एरवी दिवाळीनंतर आमचं गाव म्हातारी माणसं आणि कुत्री यांचं असतं. पिठाची गिरणी आठवड्यातून दोनदा चालते. त्या वर्षी घराघरातून धूर निघत होता आणि गावात एक विचित्र शांतता होती, कारण पुरुष पारावर बसत होते आणि बोलत नव्हते. मग एकेक जण पुण्याकडे बांधकामावर गेला. सुमनवहिनीचा नवराही गेला. बायका आणि पोरं राहिली.

आणि शाळा भरली. हे सगळ्यात वाईट. वडिलांच्या पत्रकात शेवटची मागणी कायम हीच असे, कामगारांची पोरं हंगामात शाळेत राहिली पाहिजेत. ती अशी पुरी झाली. गावात त्याच वर्षी बदलून आलेले मुख्याध्यापक खूश होते. चांगला माणूस, पण नवा. त्यांनी वर्गातली डोकी बघितली आणि त्यांना वाटलं, गाव सुधारलं. सव्वीस जानेवारीला त्यांनी भिंतीवर फलक लावला, 'शून्य स्थलांतर'. कुणाला तरी सत्कारासाठी बोलवायचं म्हणून विचारपूस केली तर कळलं, माणसं नेणारा मुकादम गावातलाच आहे आणि यंदा त्यानं एकही कुटुंब नेलं नाही. ते माझ्याकडे स्वागताचे चार शब्द लिहून मागायला आले. मी लिहिले नाहीत. खरं काय झालं ते त्यांना सांगितलं. ते म्हणाले, पण ताई, पोरं तर शाळेत आहेत ना?

मुकादम आले. ते का आले, मला माहीत नाही. न येण्याचं कारण सांगायला कुणाकडे गेले असते? शाळेच्या निंबावर कर्णा बांधला होता, सकाळपासून त्यावर देशभक्तीची गाणी लागली होती. झेंडावंदन झालं, शाल-नारळ झाला. मुख्याध्यापकांनी सांगितलं की मुकादमांनी यंदा एकाही मुलाला गाव सोडू दिलं नाही. समोर सतरंज्यांवर बायका बसल्या होत्या. सरांनी मुकादमांच्या हातात माइक दिला आणि दोन शब्द बोला म्हणाले.

मुकादमांना माइक धरायची सवय नव्हती. तो त्यांनी ओठांना अगदी टेकवून धरला.

"पोरं शाळंत हायेत, चांगलं झालं," ते म्हणाले. "मी केलं न्हाई. चुकून झालं माज्याकून."

सुमनवहिनी उभी राहिली. पदर कमरेला खोचला.

"ते ऱ्हाऊ द्या मुकादम. पुढल्या साली आमचं काय हाय का, तेवढं सांगा."

सरांनी तिला बसायची खूण केली. ती बसली नाही. मुकादम तिच्याकडे बघत राहिले. माइक बाजूला घ्यायचं त्यांना सुचलं नाही, की घ्यायचाच नव्हता, मला सांगता येणार नाही.

"न्हाई, सुमन," ते म्हणाले. "पुढल्या साली न्हाई. त्याच्या फुडंबी न्हाई."

कर्ण्यातून ते वाक्य शाळेच्या भिंतीवरून सगळ्या गावात गेलं.

मुकादमांचं बोलणं संपलं की टाळ्या वाजवायच्या, असं सरांनी पोरांना आधीच बजावून ठेवलं होतं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सुमनवहिनीची पोरगी पहिल्या रांगेत होती, तिनंही वाजवल्या.